‘समजलं ना?’ – ‘हो ना!’ आणि आठ दिवसांनी सोयाबीन पिवळं

काउंटरवाला (धागाकर्ता) – सोमवार, रात्री १०:१०

नमस्कार मंडळी. बरेच दिवस वाचनमात्र होतो. आज लिहितोय, कारण एक गोष्ट डोक्यातून जात नाही आणि घरी काढली की बायको म्हणते, "दुकानातलं दुकानात ठेवा."

यवतमाळ जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावात माझं कृषी सेवा केंद्र आहे. बियाणं, खत, औषध. (विष विकतो आणि 'औषध' म्हणतो, हाही गमतीचाच भाग. त्यावर नंतर.) पेरणी झाली की काउंटरवर ही गर्दी. त्यातून बाजाराचा दिवस असला तर विचारू नका.

मागच्या खरिपातली गोष्ट. एक काकाजी आले. माझ्या वडिलांच्या वयाचे, दुकानाचं जुनं गिऱ्हाईक. सोयाबीनमधलं तणनाशक पाहिजे होतं. मी बाटली काढली आणि सांगितलं, "पंपाले दोन झाकण टाका. जमिनीत ओल पाहिजे. तन दोन-चार पानावर असलं तवाच मारजा. समजलं ना काकाजी?"

"हो ना!"

पैसे दिले, बाटली थैलीत टाकली, गेले. सगळं मिळून मिनिटभरही लागलं नसेल. मागं सहा माणसं उभी होती.

आठ-दहा दिवसांनी त्यांचा सालदार आला आणि सहज म्हणाला, "मालकाचं सोयाबीन पिवळं पडलं, आता ते तुमच्या दुकानात येत नाईत म्हंते." मी त्याच दिवशी गाडी काढून वावरात गेलो. काकाजी धुऱ्यावर (बांधावर) बसले होते. बोलले नाहीत. तास (पिकाच्या ओळी) दिसत होते ते पिवळे, आणि वळणावर जिथं फवारा दुहेरी पडला तिथली पानं करपलेली.

मी विचारलं, "किती टाकलं होतं?" ते उठले, बाभळीखालचा पंप आणला आणि माझ्यापुढं ठेवला. पंपाच्या पट्ट्याला सुतळीनं बांधलेलं एक निळं झाकण. कधीकाळच्या कुठल्याशा बाटलीचं. गेली कित्येक वर्षं प्रत्येक औषध ते त्याच झाकणानं मोजत होते. हरवू नये म्हणून बांधून ठेवलेलं!

"दोन झाकण म्हनला ना तू? दोन टाकले."

मी म्हटलेलं झाकण म्हणजे त्या बाटलीचं. त्यांनी ऐकलेलं झाकण म्हणजे हे. दुकानात आणून इंजेक्शनच्या सिरिंजनं पाणी भरून मोजलं, माझ्या झाकणाच्या जवळपास अडीचपट भरलं.

सोयाबीन मेलं नाही, सावरलं. पण पंधरा दिवस जागच्या जागी बसलं आणि उतारा कमी आलाच. चूक कुणाची, यावर मी रात्र-रात्र विचार केला. मी खोटं बोललो नाही. त्यांनी ऐकलं नाही असंही नाही, शब्द न् शब्द ऐकला आणि तसंच केलं.

मला वाटतं घोटाळा त्या शेवटच्या दोन शब्दांत आहे. 'समजलं ना?' हा प्रश्नच नाही. मागं सहा माणसं उभी असताना साठीचा माणूस पोराएवढ्या दुकानदाराला 'नाही समजलं' म्हणेल का? आणि आपल्याकडच्या 'हो' चे अर्थ तरी किती. हो म्हणजे ऐकलं. हो म्हणजे समजलं. हो म्हणजे पटलं. आणि हो म्हणजे, बापा, आता सोड मले, एसटी चुकते.

तेव्हापासून मी तो प्रश्न बंद केला आहे. आता म्हणतो, "काकाजी, म्या बराबर सांगतलं का नाई ते पाहू द्या. घरी गेल्यावर काय काय करान, मले सांगा." चूक निघाली तर ती माझ्या सांगण्याची निघते, त्यांच्या समजण्याची नाही. लोकं आधी हसतात, पण सांगतात. आणि रोज एकतरी असा निघतो की ऐकून अंगावर काटा येतो.

तुमच्याकडं असं काही घडलंय का? दोन माणसांच्या बोलण्यात नेमकं कुठं सांडतं? पुस्तकातलं नको, घडलेलं सांगा.

---

जुनी_बंडी – सोमवार, रात्री १०:३८

भाऊ, तुमचं झाकन वाचून हासलो बी अन् मनात चर्रबी झालं. आमच्या इथं तं 'चिमूटभर', 'जराकसं', 'अंदाजानं' यानंच शेती चालू हाय.

'हो' चं म्हनता तं आमची आजी कहानी सांगे तवा एका पोरानं 'हूं' म्हनाचं अशी रीत होती. हूं थांबलं की कहानी थांबली. पन आमी लय बदमाश. झोपेतच हूं म्हनो. मंग आजी मधातच इचारे, "सांग बरं, राजा कोनीकडं गेला?" राजा कोनीकडं गेला हे ज्याले सांगता आलं नाई त्याले दुसऱ्या दिवशी सारवनाले शेन आनाची ड्युटी. तुमी आता जे करून राह्यले, ते आमची आजी तवाच करे.

---

निंबोळी – सोमवार, रात्री ११:०५

मी आशा म्हणून काम करते (अकोला जिल्हा, गाव सांगत नाही). काउंटरवाले दादा, तुमचं झाकण तसं आमचं ओआरएसचं पाकीट.

नवीन होते तेव्हाची गोष्ट. एका घरी बाळाला हगवण. पाकीट दिलं आणि प्रशिक्षणात शिकवलं तसं सांगितलं, "एक लिटर स्वच्छ पाण्यात एक पाकीट." बाळाची आई म्हणाली, "हो ताई." दुसऱ्या दिवशी गेले तर बाळ तोंड फिरवत होतं. तिनं गिलासभर पाण्यात अख्खं पाकीट घातलेलं! तिचं काही चुकलं नाही हो. त्या घरात लिटर ही वस्तूच नव्हती. पाणी भरायचा गुंड होता, पातेल्यासारखा गंज होता, गिलास होते. दुधाचं मापही पावशेराचं.

आता मी घरात शिरले की आधी विकतच्या पाण्याची एक लिटरची रिकामी बाटली शोधते, कुठं ना कुठं पडलेली असतेच. तिनं माझ्यासमोर भरायची, तिनंच पाकीट फोडायचं, तिनंच ढवळायचं. मी हात लावत नाही. पूर्वी मीच करून दाखवायचे, त्यात माझं छान व्हायचं, तिचं नाही.

झिंकच्या गोळ्यांचंही तसंच. चौदा दिवस द्यायच्या असतात. तिसऱ्या दिवशी हगवण थांबली की आई गोळी थांबवते. "बरं झालं ना आता!" चौदा का, हे सांगितलंच नसेल तर तीनवर थांबणं हेच शहाणपण वाटणार. 'काय करा' हे सांगायला अर्धं मिनिट लागतं, 'का' सांगायला पाच. आम्हाला महिनाभराची घरं मोजून द्यावी लागतात, मिनिटं नाही.

---

मूळगाव_पुसद – मंगळवार, सकाळी ८:२०

छान धागा. मी पुण्यात एका कंपनीत आहे, मनुष्यबळ विभागात. आमच्याकडे संवादकौशल्याची ट्रेनिंग सतत चालतात. त्यात पहिल्याच स्लाइडवर असतं की संवादात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आवाजाचा ३८ आणि देहबोलीचा ५५. त्यामुळे मला वाटतं झाकणापेक्षा काकाजींच्या चेहऱ्याकडे पाहिलं असतं तर त्यांना समजलेलं नाही हे लगेच कळलं असतं. शब्द फारसे महत्त्वाचे नसतातच.

---

खडू_फळा – मंगळवार, सकाळी ९:०२

पुसदकर, राग मानू नका, पण त्या स्लाइडनं या देशात फार हैदोस घातला आहे. आमच्या शिक्षक प्रशिक्षणातही येते ती दरवर्षी, न चुकता.

ते आकडे अल्बर्ट मेहराबियन या मानसशास्त्रज्ञाचे, १९६७ सालच्या दोन लहान प्रयोगांतले. एका प्रयोगात 'कदाचित' अशा अर्थाचा एकच इंग्रजी शब्द वेगवेगळ्या स्वरांत ऐकवला आणि सोबत वेगवेगळ्या चेहऱ्यांचे फोटो दाखवले. विचारलं काय? तर बोलणाऱ्याला समोरचा आवडतो की नाही. म्हणजे शब्द एक सांगतोय आणि चेहरा दुसरं, अशा वेळी भावना ओळखताना माणूस कशावर विसंबतो, एवढाच तो प्रश्न. सगळ्या बोलण्याला हे लागू करू नका, असं खुद्द मेहराबियन यांनीच पुढं सांगितलं. ते कोण ऐकतो.

शब्दांचा वाटा खरंच सात टक्के असता तर पांढरकवड्याच्या पुढं आदिलाबादच्या बाजारात तेलुगूत सांगितलेला भाव तुम्हाला त्र्याण्णव टक्के समजायला हवा. जाऊन पाहा एकदा.

आणि काकाजींच्या चेहऱ्यावर काय दिसणार होतं? त्यांना समजलंच होतं की! दोन झाकण. त्यांच्या मनात शंका नव्हतीच, म्हणून चेहराही साफ. गडबड तिथं होते जिथं दोघांनाही समजल्याची पक्की खात्री असते.

(चेहऱ्याचं महत्त्व नाही असं मी म्हणत नाही. मोबाईलमध्ये मान घालून 'या ना, बसा ना' म्हणणाऱ्याकडं आपण बसतो का? उभ्या-उभ्याच 'येतो' म्हणून निघतो. मेहराबियन यांना सापडलं ते एवढंच.)

---

मूळगाव_पुसद – मंगळवार, सकाळी ९:३०

मान्य. ती स्लाइड काढायला सांगतो. निघणार नाही, पण सांगतो. :)

---

खडू_फळा – मंगळवार, सकाळी ९:४१

अजून एक सांगतो आणि वर्गावर जातो. संवादाचं जे चित्र आपण सगळे काढतो, बोलणारा, मधली तार, गोंगाट आणि पलीकडं ऐकणारा, ते आलं १९४८ साली. बेल लॅबमधल्या क्लॉड शॅनन या गणितज्ञाचं. त्याचा प्रश्न टेलिफोन आणि तारायंत्राचा होता, इकडून सोडलेला संदेश तिकडं जसाच्या तसा कसा पोचवायचा. त्यानं सुरुवातीलाच सांगून टाकलं होतं की संदेशाच्या अर्थाशी या गणिताला कर्तव्य नाही.

काउंटरवाल्यांचा 'दोन झाकण' हा संदेश शॅननच्या हिशेबानं शंभर टक्के पोचला. एक अक्षर गळलं नाही. आपली भांडणं मात्र अक्षर गळाल्यानं कमीच होतात.

---

डवरा – मंगळवार, दुपारी १:१५

काही भांडणं अक्षरानंही होतात सर. आमच्याच घरातलं सांगतो.

माझे वडील आणि मोठे बाबा (वडिलांचे थोरले भाऊ), वावर वाटणीत शेजारी-शेजारी आलं. मध्ये धुरा. दरवर्षी नांगरटीला धुरा हातभर कोरला जातो, कधी इकडून, कधी तिकडून. कुणाच्या मनात नसतं, ट्रॅक्टरवाल्याला काय, तो चालवतो तासावर. एका वर्षी मोठ्या बाबांनी आमच्या गड्याजवळ निरोप दिला, "भाऊले सांग, ट्रॅक्टरवाल्याले म्हना जरा पाहून चालव." गडी दिवसभर राबून संध्याकाळी घरी आला आणि वडिलांना म्हणाला, "मोठे मालक म्हने, आता ट्रॅक्टर आला तं पाहून घेतो."

पाहून चालव. पाहून घेतो. एवढाच फरक. चार वर्षं बोलणं बंद. लग्नाची पत्रिका पोराजवळ पाठवायची, पोळ्याला बैल समोरून गेले तरी मान वळवायची. वास्तविक दोन्ही घरांची आंगणं एकच.

आजी गेली. तेरवीच्या दिवशी पंगती उठल्यावर वडिलांच्या मामांनी दोघांना ओसरीवर बसवलं. मामा बाजार समितीत आयुष्यभर अडत्यांची भांडणं सोडवलेला माणूस. म्हणाले, "बोला. पन एक अट. एकानं बोललं की दुसऱ्यानं उत्तर द्याच्या आधी सांगाचं, तो काय म्हनला. त्यानं 'हो, हेच म्हनलो' म्हटल्याशिवाय पुढं जाचं नाई."

वडील चिडले. "मामा, हे काय शाळा हाय?" मामा म्हणाले, "शाळेत नीट शिकले असते तं इथं बसले नसते."

मोठे बाबा बोलले बराच वेळ. मग वडिलांनी सांगितलं, "दादा म्हनते का म्या धुरा कोरला." मोठे बाबा म्हणाले, "नाई. हे म्हनलोच नाई." पुन्हा. दुसऱ्यांदाही वडिलांना जमलं नाही. तिसऱ्यांदा वडील जरा थांबले आणि हळूच म्हणाले, "तुमी म्हनता का... कोरला गेला तवा म्या येऊन सांगतलं नाई." मोठे बाबा काही बोलले नाहीत, उपरण्यानं डोळे पुसले. मी तेव्हा अकरावीत होतो, दारामागून पाहत होतो.

चार वर्षं आम्ही सगळे समजत होतो भांडण धुऱ्याचं आहे. जमिनीची मोजणी नंतर करावीच लागली, खुणा रोवल्या, तो खर्च सुटला नाही. पण मोजणीच्या दिवशी चहा एकाच घरून आला.

---

निंबोळी – मंगळवार, दुपारी २:००

डवरा दादा __/\__

---

खडू_फळा – मंगळवार, संध्याकाळी ५:१०

डवरा, तुमच्या मामांना सांगा की १९५७ साली कार्ल रॉजर्स आणि रिचर्ड फार्सन या दोन अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी नेमकी हीच गोष्ट लिहून काढली आणि तिला सक्रिय श्रवण असं नाव पडलं. समोरच्याचं म्हणणं त्याला मान्य होईल अशा शब्दांत मांडता येईपर्यंत आपलं तोंड उघडायचं नाही. ऐकायला सोपं वाटतं. घरी बायकोशी दहा मिनिटं करून पाहा, घाम फुटतो. (स्वानुभव. हलके घ्या.)

---

जुनी_बंडी – मंगळवार, संध्याकाळी ६:४४

मामा ग्रेट. अडते लोकायले झेलनारा मानूस कोनालेबी झेलू शकते.

---

सासर_वर्धा – मंगळवार, रात्री ९:२५

सगळ्यांचं वाचलं, आवडलंही. पण एक गोष्ट खटकते ती लिहिते.

तुम्ही सगळे असं धरून चालला आहात की दोघंही बोलू शकतात. दोन भाऊ, दुकानदार आणि गिऱ्हाईक. मामांनी बसवलं, दोघं बसले. ओसरीवर बाया कुठं होत्या? स्वयंपाकघरात पंगतीची भांडी घासत. चार वर्षं पत्रिका पोराजवळ पाठवायची हे ठरवलं पुरुषांनी. दोन जावा त्या काळात विहिरीवर एकमेकींशी चोरून बोलतच असणार, पैज लावते.

माझं माहेर सातारा जिल्ह्यातलं. लग्न होऊन इकडं आले. पहिल्याच आठवड्यात सासूबाई म्हणाल्या, "वावरातून थोडा सांबार आन गं." मी उभीच. सांबार वावरात कसा उगवेल? आमच्याकडं सांबार म्हणजे इडलीसोबतचं. विचारायची हिंमत नव्हती, नवी सून. वावरभर फिरून वांगी घेऊन आले. त्यांना कोथिंबीर हवी होती! आज आम्ही दोघी हसतो यावर. 'आलू आन' म्हटल्यावर अळूची पानं आणल्याचा किस्सा वेगळाच. पण त्या दिवशी मला हसू आलं नव्हतं. 'काय म्हणालात?' हे दोन शब्दांचं वाक्य तोंडातून निघालं नाही. शब्द वेगळा होता हे निमित्त. खरं कारण म्हणजे परत विचारण्याची सोय नव्हती.

आमच्याकडं निंदणाला बाया येतात. मुकडदम सांगतो, त्या 'हो जी' म्हणतात. समजलं नाही म्हटलं तर उद्या दुसऱ्या बाया येतील, हे त्यांना ठाऊक असतं. पऱ्हाटीत (कपाशीत) कुठली ओळ सोडायची ते न कळता त्यांनी सोडली नाही, की 'बायकांना अक्कल नाही' म्हणून मोकळे. काउंटरवाले भाऊ, तुम्ही 'मी बराबर सांगतलं का' म्हणून चूक स्वतःकडं घेता हे मला फार आवडलं. कारण वजन तुमच्याकडं आहे. ज्याच्याकडं वजन आहे त्यानंच खाली वाकायचं असतं, निंदणारी बाई कुठवर वाकणार? ती आधीच वाकलेली आहे.

---

काउंटरवाला – मंगळवार, रात्री १०:०२

ताई, हे माझ्या ध्यानात आलंच नव्हतं. माझ्या दुकानात बाया येतात तेव्हा मी बोलतो त्यांच्या मालकाशी, फोनवर. "द्या बरं फोन त्याइले." फवारताना पाणी आणून देणारी, औषध कालवणारी मात्र तीच असते बहुतेक घरांत. उद्यापासून बदलतो.

---

मोहफूल – बुधवार, सकाळी ७:५०

गडचिरोलीहून लिहितोय. धानोरा तालुक्यातलं मेंढा-लेखा अनेकांना सामूहिक वनहक्कामुळं माहीत आहे, बांबूवर गावाचा हक्क मिळवणारं. पण त्याआधीची गोष्ट बोलण्याची आहे. तिथल्या ग्रामसभेत निर्णय बहुमतानं घेत नाहीत, सर्वसहमतीनं घेतात. मतभेद असला की विषय पुढच्या बैठकीत जातो. बायाही बसतात, बोलतात. आणि निर्णयाच्या बैठकीपासून वेगळा असा अभ्यास गट असतो. तिथं नुसतं समजून घ्यायचं, बाहेरच्या माणसालाही बोलवायचं, पण ठराव करायचा नाही.

ही फोड मला फार शहाणपणाची वाटते. आपल्याकडं समजून घेणं आणि ठरवणं एकाच बैठकीत उरकतात, त्यामुळं प्रश्न विचारणारा विरोधकच वाटतो. "हा पाहा, खोडा घालाले आला."

वेळ लागतो, हे खरं. एकेका विषयाला कितीतरी बैठका. शहरातून आलेली माणसं घड्याळ पाहतात.

---

गावगुंडा_नव्हे – बुधवार, सकाळी ८:१५

एवढं काय त्यात? दुकानात मोठ्या अक्षरात बोर्ड लावा, 'मापानेच औषध टाका'. विषय संपला. उगाच चर्चा.

---

काउंटरवाला – बुधवार, दुपारी ३:३०

बोर्ड आहे हो. सहा वर्षांपासून आहे. त्यावर आता पंचांगाचं कॅलेंडर टांगलेलं आहे, तेही कुणी वाचत नाही.

लिहिलेल्याचं म्हणाल तर बाटलीवरच बघा. प्रत्येक कीटकनाशकाच्या लेबलवर चौकटीत एक रंगीत त्रिकोण असतो. लाल म्हणजे अति विषारी, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा त्यातल्या त्यात कमी. वाचता न येणाऱ्यालाही कळावं म्हणूनच ही रंगांची सोय. आता माझ्या काउंटरवरचा अनुभव ऐका. एका पोराला विचारलं, हिरवा म्हणजे काय? म्हणाला, "हिरवा म्हंजे पिकाले चांगला." दुसरा म्हणाला, निळा कापसाचा आणि पिवळा तुरीचा. एकजण म्हणाला, लाल म्हणजे 'पावरफुल', तेच द्या! धोक्याची खूण होती, जाहिरात होऊन बसली.

आणि 'औषध' या शब्दाबद्दल मी म्हटलं होतं ना. २०१७ च्या हंगामात आमच्या यवतमाळ जिल्ह्यात फवारताना विषबाधा होऊन शेतकरी-शेतमजूर दगावले, शेकडो दवाखान्यात भरती होते. कारणं बरीच होती. पऱ्हाटी डोक्याच्या वर गेलेली, उकाडा, अंगात साधा शर्ट, दोन-तीन औषधांची मिसळ. सगळा दोष भाषेवर टाकणारा मी मूर्ख नाही, आणि विकणाऱ्यांनी तर मुळीच टाकू नये. पण त्या वर्षानंतर मी तोंडानं तरी 'विष' म्हणायचं ठरवलं. जमत नाही. गिऱ्हाईक दचकतं. जिभेवर 'औषध'च येतं. म्हणून आता दोन्ही म्हणतो, "हे औषध म्हंजे विष हाय बरं काकाजी."

---

कृषी_पदवीधर_बेकार – बुधवार, रात्री ८:४०

कृषी विस्तार शिक्षणाच्या (नवी माहिती शेतकऱ्यांपर्यंत पोचवण्याच्या विषयाच्या) पेपराला हमखास येणारी गोष्ट आठवली. १९४३ साली छापून आलेल्या अभ्यासासाठी ब्राइस रायन आणि नील ग्रॉस यांनी अमेरिकेतल्या आयोवा राज्यात २५९ शेतकऱ्यांना विचारलं, संकरित मक्याचं बियाणं तुम्ही कसं काय स्वीकारलं? बियाणं १९२८ च्या सुमाराला आलेलं, सर्रास पेरलं जायला दहा-बारा वर्षं गेली. आढळलं असं की बियाण्याची पहिली खबर बऱ्याच जणांना मिळाली विक्रेत्याकडून, पण मन वळलं ते शेजाऱ्याचं वावर पाहून.

म्हणजे काउंटरवाले साहेब, तुमचं काम खबर देण्याचं. पटवण्याचं काम धुऱ्यापलीकडचा माणूस करतो. तुमच्या काकाजींनी पारावर बसून झाकणाची गोष्ट सांगितली ना, तर तुमच्या सहा वर्षांच्या बोर्डापेक्षा जास्त काम होईल.

पेपरात लिहिताना मला हे नुसतं पाठ होतं. बाबांनी कोणतं बियाणं घ्यायचं ते अजूनही शेजारच्या काकांना विचारूनच ठरतं, घरात पदवीधर बसलेला असताना. तेव्हा नीट कळलं.

---

जुनी_बंडी – बुधवार, रात्री ९:१२

बेकार भाऊ, आमच्या घरीबी सेम.

अवांतर : गाडगेबाबा आठवले. आपल्या अमरावतीकडचे, शेंडगावचे. अक्षरओळख नाई, पन हजारो लोकं कीर्तनाले बसत. माह्या आज्यानं आयकलं होतं त्याइचं कीर्तन. आजा सांगे, बाबा सांगतच नसत, इचारतच राहत. येकामागून येक प्रश्न. देव कुठं राह्यते, करज कोनी काढलं, दारूचे पैशे कुठून आनले. अन् लोकायनं उत्तर देल्लं की त्याच उत्तरातून पुढचा प्रश्न. आजा म्हने, घरी येता येता वाटे की बाबानं काईच सांगतलं नाई, सगळं आपनच बोललो. त्यानंतर आज्यानं सनाले करज काढनं बंद केलं. बाबा १९५६ ले गेले, आजा त्यानंतर लय वर्स होता, पन करज नाई काढलं.

---

मूळगाव_पुसद – बुधवार, रात्री ११:२०

काल आईला फोन केला होता. ती गावी एकटी असते. नेहमीचं, "कशी आहेस?" "बरी आहे." "गोळ्या घेतेस ना?" "हो ना." हा धागा डोक्यात होता म्हणून म्हटलं, "आज सकाळी कोणत्या रंगाची घेतलीस?" बराच वेळ गप्प. मग म्हणाली, "पांढरी संपली रे, मागच्या मंगळवारच्या आधीच." बीपीची. 'घेतेस ना' असं मी रोज विचारत होतो, व्हॉट्सअॅपवर ती रोज अंगठा पाठवत होती.

शेजारच्या पोराकडून गोळ्या आणवल्या आहेत. एवढंच सांगायचं होतं.

---

निंबोळी – गुरुवार, सकाळी ६:५५

पुसदकर दादा, तुमच्या भागातल्या आशाताईंना आईचं नाव सांगून ठेवा. बीपीच्या गोळ्या सरकारी दवाखान्यातही मिळतात. त्यांनाही 'घेतात ना' विचारू नका म्हणावं, पत्ता मोजायला सांगा. किती उरल्या ते पत्ता बरोबर सांगतो.

---

डवरा – शनिवार, रात्री ८:३०

धागाकर्ते, एक राहिलंच. काकाजी आता बोलतात की नाही तुमच्याशी?

---

काउंटरवाला – शनिवार, रात्री ९:५०

बोलतात. मधात दिवाळीपर्यंत अबोलाच होता, मीच फराळ घेऊन गेलो होतो. परवा तुरीवरच्या अळीसाठी आले. मी काही म्हणायच्या आतच काउंटरवर दोन्ही हात ठेवून म्हणाले, "आता मले परत म्हनाले लावशीन ना? तं ऐक."

आणि धडाधड सांगून टाकलं. बाटलीसोबतच्या मापानं टाकीन, सुतळीवालं झाकन फेकलं. तननाशकाचा पंप वेगळा ठेवला. वाऱ्याच्या दिशेनं चालीन, उलटा नाई. दुपारच्या उन्हात मारनार नाई. बाटली पोराच्या हाती लागू देनार नाई. मागची माणसं ऐकत होती, एकजण तर मान डोलवत होता.

"अन् आंगात काय घालान?"

तेवढं त्यांनी गाळलं होतं. इकडं तिकडं पाहिलं, मग हसले.

"बाह्यावाला शर्ट, तोंडाले फडकं, हातमोजे. माईत हाय ना बापा. पन लय उकडते."